जुनी थिओरा व्याख्याने ब्राउझरमध्ये दिसेनाशी झाली: आता कोणत्या खुल्या फॉरमॅटमध्ये ठेवावीत?

पेठकरी | रविवार, सकाळी ९:४०

नमस्कार. पुण्याच्या मध्यवस्तीतील एका छोट्या वाचनालयाचे संकेतस्थळ मी बरीच वर्षे हौसेने सांभाळतो आहे. २००९ ते २०१२ या काळात आमच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानांपैकी ६४ व्याख्याने आम्ही मिनी-डीव्ही कॅमेऱ्यावर चित्रित करून संकेतस्थळावर ठेवली. त्या वेळी वाचनालयात येणारी अभियांत्रिकीची दोन मुले मॉडेल कॉलनीत सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत भरणाऱ्या ‘ग्नूनिफाय’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या मेळाव्याला जाऊन आली होती. ज्याच्या पेटंटच्या किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला आहेत अशा फॉरमॅटमध्ये वाचनालयाचा ठेवा ठेवायचा नाही, असा त्यांचा आग्रह होता आणि तो मला पटला. त्यामुळे सगळी व्याख्याने ऑग कंटेनरमध्ये (म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र ठेवणाऱ्या फाइलीत), चित्र थिओराचे आणि आवाज व्हॉर्बिसचा, अशी साठवली गेली. जून २००९ च्या अखेरीस फायरफॉक्स ३.५ आले आणि कोणतेही प्लग-इन न घेता पानातच व्याख्यान सुरू झाले, तेव्हा समितीतील ज्येष्ठांनी टाळ्या वाजवल्या होत्या, हे मला आजही आठवते. इंटरनेट एक्स्प्लोरर वापरणाऱ्यांसाठी त्या मुलांनी ‘कोर्टाडो’ नावाचे जावा ॲप्लेट जोडून दिले होते.

गेल्या महिन्यात कोथरूडहून एका ज्येष्ठ सभासदांचा फोन आला. मे २०१० मधील एक व्याख्यान त्यांना पुन्हा पाहायचे होते, कारण त्यानंतरच्या प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न त्यांनीच विचारला होता. पान उघडते, पण व्याख्यानाच्या जागी काळा चौकोन दिसतो आणि खाली शून्य मिनिटे शून्य सेकंद. मी घरी क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत पाहिले, तर ६४ च्या ६४ व्याख्यानांची हीच गत. फाइली खराब झाल्या असाव्यात म्हणून एक उतरवून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावली, तर ती पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत निर्धास्त चालली.

आता समितीत दोन तट आहेत. एका गटाचे म्हणणे असे, की सगळे यूट्यूबवर टाकून मोकळे व्हावे. दुसरा गट विचारतो, की खुला फॉरमॅट कायम टिकतो असे तुम्हीच सांगितले होते, त्याचे काय झाले? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, म्हणून हा धागा. मूळ फितींपैकी बहुतेक आम्ही काटकसरीपायी पुन्हा पुन्हा वापरल्या. लोखंडी कपाटात आता ११ फिती शिल्लक आहेत.


चक्रधर | रविवार, सकाळी ११:१५

पेठकरी, तुमच्या फाइलींना काहीही झालेले नाही. ब्राउझरांनी थिओरा वाचणे बंद केले आहे. क्रोमने ऑक्टोबर २०२३ मध्ये तशी घोषणा केली आणि २०२४ मध्ये ती अमलात आली. फायरफॉक्सनेही २०२४ मध्येच थिओरा बंद केला. कारण सुरक्षेचे दिले गेले आणि ते लटके नाही. कोडेक म्हणजे अनोळखी माणसाने पाठवलेला किचकट डेटा उलगडणारा, बहुधा सी भाषेत लिहिलेला कोड असतो, आणि हल्लेखोरांचा त्यावर डोळा असतो. सप्टेंबर २०२३ मध्येच व्हीपी८ या दुसऱ्या एका कोडेकच्या लायब्ररीतील एका त्रुटीचा प्रत्यक्ष हल्ल्यात वापर झाल्याचे उघडकीला आले होते. जो कोडेक वापरणारे जवळजवळ उरले नाहीत, त्यासाठी ही खिडकी उघडी का ठेवायची, असा तो विचार होता. एक लक्षात घ्यावे, की बंद झाला आहे तो थिओरा. ऑग कंटेनर आणि त्यातील व्हॉर्बिस किंवा ओपस आवाज आजही चालतो. तुमच्याकडे केवळ आवाजाच्या फाइली असतील तर त्यांना हात लावू नका.

मुळात थिओरा हा व्हीपी३ या कोडेकचा वंशज. ऑन२ या कंपनीने तो २००१ मध्ये लोकांना खुला करून दिला, झिफ.ऑर्ग या खुले फॉरमॅट बनवणाऱ्या संस्थेने त्यावर काम केले आणि १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २००८ मध्ये आली. एचटीएमएल५ च्या मसुद्यात एके काळी सर्व ब्राउझरांनी ऑग थिओरा आणि व्हॉर्बिस चालवावेत अशी शिफारस होती. नोकिया आणि ॲपल यांच्या आक्षेपांनंतर डिसेंबर २००७ मध्ये ती काढली गेली आणि २००९ मध्ये संपादक इयन हिक्सन यांनी एकमत होत नसल्याचे सांगून कोणताही कोडेक नेमून देण्याचा नाद सोडला. आजही मानकात व्हिडिओचा टॅग आहे, पण त्यात काय चालले पाहिजे याविषयी सक्ती नाही. तुमच्या मुलांनी पैज लावली ती याच मोकळ्या जागेवर.


तळटीप | रविवार, दुपारी १२:०५

मला या सगळ्या तात्त्विक चर्चेचे नवल वाटते. वाचनालयाने २०१० मध्ये एच.२६४ या कोडेकचा साधा एमपी४ ठेवला असता, तर तो तेव्हा सफारीत चालला असता, आज प्रत्येक फोनवर, प्रत्येक टीव्हीवर चालला असता, आणि कोथरूडच्या काकांना फोन करावा लागला नसता. ज्या फॉरमॅटला ‘बंद’ म्हणून नाके मुरडली तो टिकला, आणि ज्याला ‘खुला’ म्हणून मिरवले तो पंधरा वर्षांत गेला. यात चूक कोणाची, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

यूट्यूबवर टाकण्यातही मला काही गैर दिसत नाही. लोक तिथेच पाहतात.


चक्रधर | रविवार, दुपारी १:३०

तळटीप, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि तो अर्धा मी आनंदाने मान्य करतो. पाहणाऱ्याच्या बाजूने विचार केला तर एच.२६४ आज सर्वांत खात्रीचा आहे. परंतु २०१० मध्ये तो फायरफॉक्समध्ये चालत नव्हता, आणि तेव्हा पुण्यातील कितीतरी महाविद्यालयीन प्रयोगशाळांत फायरफॉक्सच होता.

तो का चालत नव्हता, हे समजून घेण्यासारखे आहे. एच.२६४ हे २००३ चे मानक. त्याचे दस्तऐवज कोणीही वाचू शकतो, पण त्यावरील पेटंटे अनेक कंपन्यांची आहेत आणि त्यांचा एकत्र परवाना एमपीईजी-एलए ही संस्था देत असे. ठरावीक शुल्कपत्रकाप्रमाणे वर्षाला पहिल्या १ लाख प्रतींना माफी, त्यापुढे प्रतीमागे २० सेंट, संख्या फार वाढली की त्याहून कमी, आणि वर्षभराच्या रकमेवर एक कमाल मर्यादा. मोझिलाला ती रक्कम कदाचित उभी करता आली असती. अडचण अशी होती, की तो परवाना मोझिलापुरताच राहिला असता. फायरफॉक्सचा कोड घेऊन कोणी स्वतःचे लिनक्स वितरण काढले, किंवा एखाद्या शाळेने त्यात फेरफार करून वाटला, तर त्यांना वेगळा परवाना घ्यावा लागला असता. मुक्त सॉफ्टवेअर पुढे वाटता येते, परवाना पुढे वाटता येत नाही. सगळे भांडण या एका वाक्यात बसते.

पुढे काय झाले तेही सांगतो. गूगलने ऑन२ विकत घेतली, १९ मे २०१० रोजी व्हीपी८ खुला केला आणि व्हॉर्बिस आवाजासह मात्रोस्का या खुल्या कंटेनरच्या धर्तीच्या कंटेनरमध्ये घालून त्याला वेबएम असे नाव दिले. जानेवारी २०११ मध्ये क्रोममधून एच.२६४ काढून टाकण्याची घोषणाही झाली. ती कधीच अमलात आली नाही. (खुल्या फॉरमॅटच्या बाजूने उभे राहिलेल्यांना ही गोष्ट अजून झोंबते, मलाही.) मार्च २०१२ पर्यंत मोझिलानेही ओळखले, की एकट्याने अडून बसून फोनवरचा व्हिडिओ आपल्या बाजूला वळणार नाही. मग मशीनमधील प्रणालीकडे जो एच.२६४ डीकोडर असेल तो वापरण्याचा मार्ग त्यांनी धरला. ऑक्टोबर २०१३ मध्ये सिस्कोने स्वतःचा एच.२६४ कोड खुला केला, तयार बायनरी स्वतःच्या सर्व्हरवरून द्यायची आणि शुल्क आपण भरायचे असे जाहीर केले. फायरफॉक्स आजही व्हिडिओ कॉलसाठी ती बायनरी सिस्कोकडून उतरवून घेतो. कोड कोणालाही मिळतो, पण शुल्क भरलेले असण्यासाठी ती सिस्कोच्याच दारातून यावी लागते.

यूट्यूबविषयी एवढेच, की १०८० च्या वरच्या दर्जाची चित्रे ते आज व्हीपी९ (व्हीपी८ ची पुढची पिढी) आणि एव्ही१ या कोडेकांत देतात, एच.२६४ मध्ये नाही. त्यामुळे ‘यूट्यूबवर टाका, फॉरमॅटची कटकट नको’ असे म्हणणारा माणूस नकळत खुलाच फॉरमॅट पाहत असतो.


कलमदान | रविवार, सायंकाळी ६:२०

मी पेशाने वकील आहे, तांत्रिक जाणकार नाही, तेवढ्यापुरतेच लिहिते. पेटंट हे देशापुरते असते. भारतीय पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ३ च्या ‘के’ खंडानुसार गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि ‘पर से’ म्हणजे निव्वळ त्याच स्वरूपातील संगणक-आज्ञावली यांना पेटंट मिळत नाही. पण ‘पर से’ हे दोनच शब्द वकिलांना पुष्कळ वर्षे पुरले आहेत, कारण आज्ञावलीचा तांत्रिक परिणाम यंत्रावर दिसतो असा युक्तिवाद करता येतो. तेव्हा ‘भारतात सॉफ्टवेअर पेटंट नाहीच, मग चिंता कशाला’ असे सरसकट कोणी सांगू नये. वाचनालयासारख्या संस्थेला मात्र प्रत्यक्षात धोका दिसत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये एमपीईजी-एलएनेही जाहीर केले होते, की प्रेक्षकांना विनामूल्य दाखवल्या जाणाऱ्या इंटरनेट व्हिडिओवर एच.२६४ साठी कधीही स्वामित्वशुल्क घेतले जाणार नाही.

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. त्यात मानकासाठी आवश्यक पेटंटे मानकाच्या आयुष्यभर शुल्कमुक्त असावीत, अशी अट आहे. ते धोरण सरकारी खात्यांसाठी आहे, वाचनालयावर बंधनकारक नाही. पण समितीतील ज्यांना ‘खुले म्हणजे नेमके काय’ असा प्रश्न पडतो, त्यांच्यासमोर ती व्याख्या ठेवता येईल.

आणखी एक. खुले म्हटले म्हणजे निर्विवाद, असेही नाही. २०१९ मध्ये सिसव्हेल या संस्थेने व्हीपी९ आणि एव्ही१ वरील पेटंटांचा गट उभा करत असल्याचे जाहीर केले होते. कोडेक बनवणारे म्हणतात शुल्क नाही, आणि बाहेरचा कोणी म्हणतो आहे. सातबारा एकाचा आणि वहिवाट दुसऱ्याची, असे खटले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.


अवनी | सोमवार, सकाळी ८:५०

मी विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रे-चित्रफितींच्या खुल्या भांडारावर, बऱ्याच वर्षांपासून चढवणी करते. तिथे एमपी४ घेतच नाहीत. २०१४ मध्ये यावर मोठी चर्चा झाली होती आणि एमपी४ स्वीकारण्याचा प्रस्ताव समुदायाने फेटाळला. त्यामुळे फोनवर काढलेले एखाद्या वाड्याच्या दिंडी दरवाजाचे चित्रणही आम्हाला आधी वेबएममध्ये रूपांतरित करावे लागते. नव्या स्वयंसेवकांना याचा फार त्रास होतो, हे मी लपवणार नाही. कित्येक जण याच पायरीवर सोडून जातात.

थिओराचा अनुभव मात्र पेठकरींच्या कामाचा आहे. कॉमन्सवर थिओराच्या जुन्या फाइली आजही आहेत. त्यांच्या मूळ प्रती कोणी पुसल्या नाहीत. त्यांच्यापासून व्हीपी९ च्या वेबएम प्रती तयार करून त्या वाचकांपुढे ठेवल्या जातात. सफारी खुले फॉरमॅट चालवत नसे, त्या काळात थिओराचा डीकोडरच जावास्क्रिप्टमध्ये उतरवून पानाबरोबर पाठवला जात असे. त्या लायब्ररीचे नाव ओजीव्ही.जेएस. ब्राउझर नाही म्हणाला, तर डीकोडर आपण सोबत नेला. यासाठी कोणाकडेही अर्ज करावा लागला नाही.


कलमदान | सोमवार, सकाळी १०:१०

अवनीताईंच्या या प्रतिसादावरून मोडी आठवली. पेशवे दफ्तरातील कागद आजही पुण्यात आहेत. रोजच्या व्यवहारात मोडी वाचणारे उरले नाहीत, पण बाराखडी उपलब्ध आहे आणि जो शिकेल त्याला वाचता येते. समितीच्या दुसऱ्या गटाला थिओराविषयी हेच सांगावे असे वाटते.


तळटीप | सोमवार, सकाळी १०:४५

उपमा सुंदर आहे, पण कोथरूडच्या काकांना मोडी शिकायची नाही, त्यांना व्याख्यान पाहायचे आहे. ज्या समाजाला स्वतःची कागदपत्रे वाचायला मोडीचे वर्ग लावावे लागतात, तो त्या लिपीच्या टिकाऊपणाचा अभिमान कसा बाळगणार? जतन आणि वापर या दोन गोष्टी निराळ्या आहेत, असे कोणी स्पष्ट म्हणत असेल तर माझा विरोध नाही.


फीतवाला | सोमवार, रात्री ९:३५

तळटीप यांनी शेवटी जे म्हटले तेच सांगायला मी लॉगिन केले. माझे काम जुन्या फिती संगणकावर उतरवण्याचे आहे. आमच्या धंद्यात जतनाची प्रत आणि दाखवण्याची प्रत या दोन वेगळ्या फाइली असतात, आणि वाचनालयाने २०१० मध्ये केलेली चूक थिओरा निवडण्याची नव्हती. दोन्ही कामे एकाच फाइलीवर सोपवून फिती पुसण्याची होती. दाखवण्याची प्रत दर पाच-सात वर्षांनी नव्याने करावी लागतेच. आज वेबएम आहे, उद्या आणखी काही असेल. जतनाच्या प्रतीला ब्राउझरमध्ये चालण्याची गरज नाही.

आता तुमच्या ११ फिती. फायरवायरने (कॅमेरा संगणकाला जोडणाऱ्या जुन्या केबलने) उतरवल्या की फितीवरचा डिजिटल डेटा जसाच्या तसा मिळतो; तासाला सुमारे १३ जीबी धरा. मिनी-डीव्ही फीत साधारण ६० मिनिटांची, म्हणजे सगळे मिळून दीडशे जीबीच्या आत. तो पुन्हा कोणत्याही कोडेकमध्ये घालू नका, डीव्ही प्रवाह तसाच मात्रोस्का कंटेनरमध्ये ठेवा. जतनासाठी एफएफव्ही१ हा खुला आणि दर्जा न गमावणारा कोडेक वापरला जातो आणि २०२१ मध्ये त्याचे तपशीलही अधिकृत दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाले. पण त्याचा खरा उपयोग व्हीएचएससारख्या ॲनालॉग फितींसाठी. डीव्ही आधीच संक्षिप्त असतो, तो एफएफव्ही१ मध्ये घातला तर फाइल फुगते आणि हाती नवे काही लागत नाही.

उरलेल्या व्याख्यानांच्या बाबतीत थिओराची फाइल हीच आता तुमची मूळ प्रत आहे. वेबएम तयार झाले म्हणून ती पुसू नका, ही हात जोडून विनंती. दर रूपांतरात थोडे तपशील जातात. पुढच्या वेळी रूपांतर करताना वेबएमवरून करू नका, पुन्हा थिओरावरूनच करा.

एक बारकावा. त्या काळातले चित्रण ७२० बाय ५७६ चे आणि इंटरलेस्ड असते, म्हणजे एका चौकटीत एकाआड एक ओळींचे दोन वेगळे क्षण गुंफलेले असतात. वक्त्याने हात उचलला, की बोटांच्या कडांना कंगव्याचे दात दिसतात. जुन्या टीव्हीवर ते कधी दिसले नाहीत, संगणकावर दिसतात. ११ फितींवरून दाखवण्याची प्रत करताना डी-इंटरलेस करून घ्या. थिओराच्या फाइलींत ते दात तेव्हाच भाजले गेले असतील तर पूर्ण जाणार नाहीत, तरी एक व्याख्यान करून पाहा.


पेठकरी | बुधवार, रात्री १०:१५

सर्वांचे आभार. फीतवाला, तुमचा प्रतिसाद छापून समितीपुढे ठेवला. फायरवायरचे कार्ड आणि चार पिनांची केबल तपकीर गल्लीत तिसऱ्या दुकानात मिळाली. पहिल्या दोन दुकानदारांनी ‘ते आता येत नाही’ एवढ्यावर बोळवण केली. कार्ड वाचनालयातील जुन्या डेस्कटॉपमध्ये बसले, कॅमेराही सुदैवाने चालू झाला.

एका ७० मिनिटांच्या व्याख्यानाची थिओरा फाइल सुमारे ५२० एमबीची होती. एफएफएमपेग या रूपांतराच्या आज्ञावलीने व्हीपी९ चित्र आणि ओपस आवाज अशी वेबएम प्रत केली, ती २६० एमबीच्या आसपास आली. दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहिल्या, तर वक्त्याच्या मागच्या फळ्यावरील खडूची अक्षरे दोन्हींत सारखीच वाचता येतात. कंगव्याचे दात होतेच, ते पुष्कळ कमी झाले. वक्ते फार हातवारे करणारे असल्यामुळे अगदी गेले असे म्हणता येणार नाही.

मग अडलो ते सर्व्हरवर. फाइल चढवली, दुवा उघडला, तर ब्राउझर ती दाखवण्याऐवजी उतरवूनच घेऊ लागला. जिथे जागा भाड्याने घेतली आहे त्या कंपनीच्या साहाय्यकांनी ‘तुमची फाइल सदोष आहे’ असे दोनदा कळवले. अखेर कळले, की त्यांच्या सर्व्हरला ‘डॉट वेबएम’ हे शेपूट ओळखता येत नव्हते आणि तो फाइलीचा प्रकार व्हिडिओ असा न सांगता नुसता ऑक्टेट-स्ट्रीम असा सांगत होता. एचटीॲक्सेस या सर्व्हरला सूचना देणाऱ्या फाइलीत एक ओळ घातली, काम झाले. दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

आता प्रश्न असा, की वेबएम एकटेच ठेवावे, की तळटीप म्हणतात तसा एमपी४ सुद्धा? आणि एव्ही१ चे काय?


चक्रधर | बुधवार, रात्री ११:४०

दोन्ही ठेवा, आणि वेबएम आधी ठेवा. क्रम महत्त्वाचा आहे. व्हिडिओ टॅगच्या आत दिलेल्या स्रोतांपैकी जो पहिला आपल्याला चालेल असे ब्राउझरला वाटते, तो तो उचलतो. सर्वांत चांगला कोणता याची पारख करत बसत नाही. एमपी४ पहिला ठेवलात तर जवळजवळ प्रत्येक ब्राउझर तोच घेईल आणि तुमचे वेबएम शोभेपुरते उरेल. प्रत्येक स्रोताबरोबर कोडेकचे नाव लिहा, म्हणजे ब्राउझरला फाइल उघडून पाहावी लागणार नाही. अवांतर: एखादा प्रकार चालेल का, असे जावास्क्रिप्टमधून विचारले तर ब्राउझर तीनच उत्तरे देतो, ‘बहुधा’, ‘कदाचित’ किंवा मौन. ‘हो’ असे उत्तर मानकातच नाही. ज्याने हे ठरवले त्याला पुण्यातील दुकानदारीचा अनुभव असावा.

एमपी४ हवा तो मुख्यतः ॲपलच्या जुन्या उपकरणांसाठी. मॅकवरील सफारीत वेबएम २०२१ मध्ये आले, आयफोनवर पूर्ण आधार यायला त्यानंतरही बराच काळ गेला. ‘मी आयफोनवर क्रोम वापरतो’ असे कोणी सांगितले तरी भारतात त्या क्रोमच्या पोटात सफारीचेच इंजिन असते, तेव्हा ब्राउझर बदलण्याचा सल्ला देऊन उपयोग नाही. एमपी४ करताना फाइलीची अनुक्रमणिका सुरुवातीला आणणारा ‘फास्ट स्टार्ट’ पर्याय विसरू नका. नाहीतर ती शेवटी राहते आणि हळू जोडणीवर व्याख्यान सुरू व्हायला वेळ लागतो.

उलट, काही लिनक्स वितरणांत मूळ स्थितीत एच.२६४ चालत नाही. फेडोराने २०२२ मध्ये पेटंटच्याच चिंतेने ग्राफिक्स कार्डावरून एच.२६४ उलगडण्याची सोय आपल्या पॅकेजमधून काढली होती. म्हणजे आजही एकट्या एमपी४ वर सर्वांचे भागत नाही, हे तळटीप यांच्यासाठी.

एव्ही१ विषयी थोडक्यात. २०१५ मध्ये गूगल, मोझिला, सिस्को, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, ॲमेझॉन आणि नेटफ्लिक्स यांनी आघाडी केली, मार्च २०१८ मध्ये एव्ही१ चा तपशील प्रसिद्ध झाला. क्रोमने तो त्याच वर्षी घेतला, फायरफॉक्सनेही पुढे व्हिडिओलॅनच्या डेव्हिड या डीकोडरसह. सफारी मात्र २०२३ पासून आणि तेही यंत्रातच एव्ही१ उलगडणारी चिप असेल तरच, म्हणजे आयफोन १५ प्रो किंवा त्यानंतरचे. तुमची चित्रणे ७२० बाय ५७६ ची, एक माणूस उभा राहून बोलतो आहे अशी. एव्ही१ ने फाइली आणखी लहान होतील, पण ६४ व्याख्याने एन्कोड करायला जुना डेस्कटॉप कित्येक दिवस घरघरत राहील आणि ज्येष्ठ सभासदांचे जुने फोन ती पाहताना तापतील. माझ्या मते इथे व्हीपी९ पुरे. पुढे चार-पाच वर्षांनी विचार करा. मूळ प्रती असल्या म्हणजे घाई नाही.


तळटीप | गुरुवार, सकाळी ९:००

दोन्ही ठेवणार असतील तर माझी हरकत मिटली. यूट्यूबचा आग्रहही सोडतो, पण तिथे एक प्रत असण्यात नुकसान काहीच नाही, एवढे नोंदवून ठेवतो.


अवनी | गुरुवार, दुपारी १२:३०

पेठकरी, वक्त्यांची किंवा त्यांच्या वारसांची लेखी परवानगी मिळणार असेल तर यातील काही व्याख्याने कॉमन्सवर आणण्याचा विचार समितीने करावा. वेबएम तयार आहेच. परवानगीचा मजकूर मी देऊ शकेन. फॉरमॅटपेक्षा हे काम जास्त वेळ खाते, हे आधीच सांगून ठेवते.


पेठकरी | पुढील सोमवार, रात्री ८:५०

६४ पैकी ४१ व्याख्यानांच्या दोन्ही प्रती चढवून झाल्या, उरलेल्या रात्री चालू असतात. थिओराच्या मूळ फाइली दोन वेगळ्या डिस्कवर ठेवल्या आहेत, त्यातील एक डिस्क सचिवांच्या घरी. परवानगीपत्रांचे काम समितीने मान्य केले आहे, अवनीताईंना निरोप पाठवतो.

११ फितींमध्ये सुदैवाने मे २०१० च्या त्याच व्याख्यानाच्या दोन्ही फिती निघाल्या. त्यावरून केलेली प्रत थिओरापेक्षा स्वच्छ आहे, कंगव्याचे दात अजिबात नाहीत. आज दुपारी कोथरूडला जाऊन त्यांच्याच जुन्या आयफोनवर लावून दिली. एमपी४ ची प्रत चालली. काकांनी सगळे व्याख्यान उभ्यानेच पाहिले. एका ठिकाणी मात्र ते थांबले आणि त्यांनी मागे नेऊन पुन्हा पाहिले. पहिली फीत बरोबर व्याख्यान संपताना संपली होती आणि दुसरी घालेपर्यंत साधारण अर्धा मिनिट कॅमेरा बंद होता. वक्ते काकांकडे पाहून उत्तर देतानाच चित्र पुन्हा सुरू होते. “उत्तर आहे हो,” ते म्हणाले, “प्रश्न कुठे गेला?” काय विचारले होते, हे त्यांनाही आठवत नाही. त्या दिवशी सभागृहात असलेले कोणी हा धागा वाचत असेल तर कृपया कळवावे.